महिन्याचं एकत्र जेवण: धावपळीच्या नोकऱ्या सांभाळून ते वर्षभर कसं टिकवायचं

महिन्यातून एकदा घरच्या सगळ्यांनी रात्री एकत्र जेवायचं असं ठरतं, तेव्हा पहिलं जेवण झोकात होतं. दुसऱ्याला दोघं गळतात. तिसऱ्याची तारीख तीनदा बदलते आणि चौथं होतच नाही. यात दोष स्वयंपाकाचा क्वचितच असतो. घोडं अडतं ते तारखेपाशी, आणि तारीख जमलीच तर "एवढं सगळं करायचं कोणी" या प्रश्नापाशी. म्हणून इथे आधी कॅलेंडर, मग कामवाटप आणि त्यानंतर भांडी, असा क्रम ठेवला आहे. प्रत्येक टप्प्याला कसोटी एकच लावायची: घरातल्या सगळ्यात वाईट आठवड्यात हे झेपेल का? निवांत आठवड्यासाठी आखलेलं जेवण वर्षात दोनदाच होतं.

"सगळे हजर" हा हट्ट आधी सोडा

सहा मोठी माणसं आहेत असं धरा. ठरलेल्या संध्याकाळी प्रत्येक जण मोकळा असण्याची शक्यता ८० टक्के, म्हणजे पाचातल्या चार वेळा. नोकरी करणाऱ्यांसाठी हा अंदाज तसा उदारच आहे. तरी सहाच्या सहा एकाच संध्याकाळी मोकळे असण्याची शक्यता उरते जेमतेम २६ टक्के. वर्षाच्या बारा जेवणांतली तीन. पाच किंवा सहा जण जमण्याची शक्यता ६५ टक्क्यांच्या आसपास जाते आणि चार किंवा त्याहून जास्त जमण्याची ९० टक्क्यांवर. बारांतली जवळजवळ अकरा जेवणं होतात ती इथे. जोडपी एकत्रच येतात किंवा एकत्रच गळतात, त्यामुळे आकडे थोडे हलतील, पण हिशेबाचा कल तोच राहतो.

तेव्हा पहिला नियम असा ठरवा: दोन तृतीयांश माणसं येत असतील तर जेवण होणार, तारीख हलणार नाही. सहांत चार, नवांत सहा. "तो नाही तर मग पुढच्या आठवड्यात करू" हे एकदा मान्य केलं की पुढच्या आठवड्यात दुसरं कोणीतरी नसतं आणि ती साखळी संपत नाही.

या नियमाला एक जोड लागतेच. एकच माणूस लागोपाठ दोनदा हुकला तर तिसरी तारीख त्याच्या सोयीने ठरवायची. ही जोड नसेल तर रात्रपाळीवाला सहा महिन्यांत या जेवणातून कायमचा बाहेर पडतो आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

तारीख शोधू नका, तारखेचा नियम ठरवा

दर महिन्याला "कधी जमेल रे सगळ्यांना?" असं विचारणं म्हणजे नमनाला घडाभर तेल. चाळीस निरोप होतात, तारीख ठरत नाही. नियम एकदा ठरवायचा आणि वर्षभर तोच चालवायचा.

सगळ्यांचं काम सोमवार ते शुक्रवार असेल तर "महिन्याचा दुसरा शनिवार" हा नियम सहसा चालतो. दुसरा शनिवार ८ ते १४ तारखेच्या मध्येच येतो, त्यामुळे महिनाअखेरचे हिशेब आणि नव्या महिन्याचे पहिले चार-पाच दिवस दोन्ही टळतात. महिन्याच्या मध्यावर कोणाची कामं तुंबत असतील तर तिसरा शनिवार घ्या, तो १५ ते २१ मध्ये येतो. शेवटचा शनिवार नको. पाचवा तर मुळीच नको, कारण तो दर महिन्याला नसतोच.

कॅलेंडरमध्ये नोंद करताना एक चूक हमखास होते. १४ तारखेला शनिवार आहे म्हणून "दर महिन्याला पुन्हा" एवढंच निवडलं, तर पुढच्या महिन्याची नोंद १४ तारखेवर जाते, मग वार कुठलाही असो. पुनरावृत्तीच्या पर्यायांत "महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी" असं वेगळं असतं, ते निवडा आणि पुढचे तीन महिने उघडून तपासा. दोन सूचना लावा: एक दहा दिवस आधीची, एक तीन दिवस आधीची. एक तास आधीच्या सूचनेचा कोणालाच उपयोग नाही.

घरात पाळीची नोकरी असेल तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तिचं चक्र मोजा. पाळी किती आठवड्यांनी मूळ जागेवर येते, यावर सगळं अवलंबून आहे.

दोन किंवा चार आठवड्यांचं चक्र असेल तर "महिन्यातून एकदा" ऐवजी "दर चार आठवड्यांनी" जेवा. २८ दिवसांनी ती व्यक्ती पुन्हा त्याच पाळीत असते. सुरुवात तिच्या मोकळ्या आठवड्यात केली तर ती प्रत्येक वेळी मोकळी, आणि संध्याकाळी कामावर असण्याच्या आठवड्यात केली तर प्रत्येक वेळी गैरहजर. तेव्हा पहिली तारीख फार जपून निवडा. या पद्धतीने वर्षात बाराऐवजी तेरा जेवणं होतात, हा वरचा नफा. "दुसरा शनिवार" या नियमात हे साधत नाही, कारण दोन दुसऱ्या शनिवारांत कधी २८ दिवसांचं अंतर असतं, कधी ३५ चं, आणि ३५ आलं की पाळी सरकते.

तीन आठवड्यांचं चक्र असेल, म्हणजे एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र, तर दर चार आठवड्यांच्या जेवणात ती व्यक्ती तीनांतून एकदा अडकणारच. दोन वाटा आहेत. ते एक गैरहजेरीचं जेवण आधीच मान्य करा, किंवा ज्या महिन्यात दुपारपाळी येते त्या महिन्यात रात्रीऐवजी सकाळी एकत्र खा. जेवण रात्रीचंच असलं पाहिजे असं कोणी सांगितलंय?

वेळ ठरवताना "साडेसातला या" असं म्हणू नका, "साडेसातला जेवायला बसायचं" असं म्हणा. पहिल्या वाक्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. कामावरून थेट येणाऱ्याचा नेहमीचा प्रवास अधिक अर्धा तास, एवढी मोकळीक धरून बसण्याची वेळ काढा.

निरोप आणि बदलाचे नियम

दहा दिवस आधी एकच निरोप जावा, आणि त्यात चर्चेला जागा नसावी. असा:

"शनिवार १३, संध्याकाळी ७.३० ला जेवायला बसायचं. येणाऱ्यांचा आकडा टाका: मोठे किती, लहान किती. बुधवार रात्री ९ पर्यंत. उत्तर आलं नाही तर येताय असं धरू."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. जेवणाच्या अंदाजासाठी मौन म्हणजे होकार धरावा, कारण दोन पानांचं अन्न उरलं तर दुसऱ्या दिवशी संपतं, पण दोन पानं कमी पडली तर सगळ्यांचाच विरस होतो. कामाच्या बाबतीत नेमकं उलट. "मी आणतो" असं स्पष्ट आलं नसेल तर ती गोष्ट येणार नाही असंच धरा.

तारीख बदलण्याची मुभा एकदाच, तीही बुधवारपर्यंत, आणि पर्याय एकच: दुसऱ्या दिवशीची दुपार. बुधवारनंतर तारीख हलत नाही, फक्त जेवण साधं होतं. त्यासाठी तीन पातळ्या आधीच ठरवून ठेवा. पूर्ण जेवण म्हणजे चार पदार्थ. साधं म्हणजे एक मोठं पातेलं आणि सोबत कापलेली फळं. अगदीच हातघाईला आलं तर बाहेरून मागवायचं, पण बसायचं एकत्रच. कोणत्या पातळीवर जायचं हे यजमानाने गुरुवारी रात्री एकट्याने ठरवावं आणि कळवून टाकावं. त्यावर मतं मागवली की पुन्हा चाळीस निरोप.

कामाची वाटणी

"प्रत्येकाने काहीतरी आणा" ही वाटणी नव्हे. त्यातून तीन गोड पदार्थ येतात आणि भात कोणीच आणत नाही. कामं चार आहेत आणि ती वेगवेगळ्या माणसांकडे गेली पाहिजेत: जागा देणं, मुख्य पदार्थ करणं, सामान आणणं, मागचं आवरणं. ज्याच्या घरी जेवण त्यानेच स्वयंपाक करायचा ही पद्धत बंद केली तरी निम्मा भार उतरतो.

कोणाला काय द्यायचं, हे त्याच्या हौशीपेक्षा त्याच्या घड्याळावर ठरवा. सगळ्यात उशिरा पोचणाऱ्याकडे सुरुवातीला लागणारी गोष्ट नको आणि येऊन गरम करावी लागणारी तर नकोच. त्याच्याकडे फळं, गोड, पेयं किंवा आवराआवर. आधी पोचणाऱ्याकडे कोशिंबीर-सॅलडसारखी ताजी कापाकापी. घरून काम करणाऱ्याकडे मंद आचेवर तासभर राहणारं काम द्यायला हरकत नाही, पण "तू घरीच असतोस" म्हणून सगळं त्याच्यावर लोटू नका. बैठक चालू असताना फोडणी देता येत नाही. आठवड्याला साठ तास काम करणाऱ्याला पैशाचा वाटा थोडा जास्त आणि काम शून्य, असाही सौदा चालतो, फक्त तो उघड बोललेला असावा.

यजमानपद फिरतं ठेवलंत तर वर्षाची यादी एकदाच करून टाका आणि अदलाबदलीची जबाबदारी यजमानावर सोपवा: नाही जमलं तर बदली त्याने शोधायची.

पदार्थ ठरवताना शेगड्या मोजा

एक ना धड भाराभर चिंध्या, हा मेनूचा नेहमीचा रोग. सहा पदार्थ आणि सहाही अर्धे गरम. दहा माणसांपर्यंत चार पदार्थ पुष्कळ झाले, पण ते एकाच जातीचे नकोत.

पहिला पदार्थ आदल्या रात्री होणारा आणि मुरून सुधारणारा असावा: रस्सा, शिजवलेली कडधान्यं, मंद शिजणारं मांस. दुसरा, एकदा आचेवर किंवा भट्टीत ठेवला की तासभर बघावं न लागणारा. तिसरा कच्चा, ऐन वेळी कापायचा. चौथा विकतचा किंवा दुसऱ्याने आणलेला. शेवटच्या पंधरा मिनिटांत हात लागतो असा पदार्थ एकच असू द्या. दोन झाले की एक करपतो.

तव्यावर एकेक करून भाजायचे किंवा तळायचे पदार्थ या जेवणात सगळ्यात महाग पडतात, आणि ते कोणी मोजत नाही. एका नगाला दीड मिनिट धरलं तर वीस नगांना अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ एक माणूस जेवणाबाहेर उभा. हवेच असतील तर दोन तवे आणि दोन माणसं, नाहीतर विकत आणा.

आता शेगडीचा तक्ता करा. कागदावर उभ्या रकान्यांत शेगड्या आणि आडव्या ओळींत अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा लिहा, मग प्रत्येक पदार्थ त्यात बसवा. शेवटच्या तासात तीन शेगड्यांवर पाच भांडी दिसायला लागली की चूक कागदावरच कळते. गरम करायला लागणारा वेळही याच तक्त्यात धरा. फ्रीजमधलं पाच लिटरचं पातेलं मध्यम आचेवर, अधूनमधून ढवळत, पूर्ण गरम व्हायला अर्धा तास सहज घेतं. मोठी आच केली तर तळाशी लागतं आणि मध्ये गार राहतं.

प्रमाण

एका मोठ्या माणसामागे, कच्च्या वजनात, हे आकडे धरून चाला:

तांदूळ, सोबत ब्रेड-पोळीसारखं काही असेल तर ६० ते ७५ ग्रॅम, नसेल तर ९० पर्यंत.
सुकी कडधान्यं किंवा डाळी, मुख्य पदार्थ म्हणून ६० ग्रॅम.
बटाटे १५० ते २०० ग्रॅम, इतर भाज्या १५० ग्रॅम.
मांस बिनहाडाचं १५० ते १८० ग्रॅम, हाडासकट असेल तर २५० ते ३०० ग्रॅम.
सूप २०० ते २५० मिलिलिटर.

दहा वर्षांखालच्या मुलांना निम्मं धरा. वाढत्या वयाच्या मुलांना मोठ्यांएवढंच, कधी जास्तही. तांदूळ शिजून वजनाने अडीच ते तीन पट होतो, कडधान्यं साधारण अडीच पट. मांस मात्र शिजताना सुमारे पाव वजन गमावतं.

अन्न उरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्रत्येक पदार्थ पूर्ण प्रमाणात करणं. माणूस एका जेवणात सगळं मिळून साधारण अर्धा किलो शिजलेलं अन्न खातो. पदार्थ वाढले म्हणून पोट वाढत नाही. दोन मुख्य पदार्थ असतील तर दोन्हींचं प्रमाण साठ ते पासष्ट टक्क्यांवर आणा.

चौघांची कृती बारा जणांसाठी करताना सगळं तिप्पट करून चालत नाही. मुख्य जिन्नस आणि मीठ तिप्पट, पण मीठ तीन टप्प्यांत चव घेत घाला. पाणी तिप्पट नको. वाफ भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर ठरते, आणि मोठ्या पातेल्याचं तोंड तिप्पट रुंद नसतं. त्यामुळे पाणी अडीच पटीने सुरू करा, लागलं तर गरम पाणी वाढवा. तिखट आणि वाटलेले मसाले दुपटीने सुरू करून शेवटी वाढवावेत. कांदा परतण्याच्या वेळेचा अंदाज सगळ्यात जास्त फसतो. त्याच भांड्यात तिप्पट कांदा घातला तर त्याचं पाणी आधी आटावं लागतं, तोवर तो परतत नाही, उकडतो. दोन रुंद भांड्यांत वाटा, किंवा हे काम सरळ आदल्या रात्री उरका. प्रेशर कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नये. फेस धरणारी डाळ-कडधान्यं असतील तर अर्ध्यावरच थांबा.

राजम्याबद्दल एक सूचना वेगळी करायला हवी. तो भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळ उकळावा आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. ते पुरेसं तापत नाही, आणि अर्धवट शिजलेला राजमा पोट जोरदार बिघडवतो.

आठवड्याचं वेळापत्रक

शनिवारी साडेसातला जेवण आहे आणि यजमान शुक्रवार संध्याकाळी सातला घरी येतो, असं धरू.

रविवार: पदार्थ पक्के, सामानाची यादी दोन भागांत. टिकाऊ सामान लगेच मागवा, ताज्याची यादी बाजूला. फ्रीजरमध्ये काय आहे ते याच वेळी बघा. अर्धा तास.

बुधवार रात्री: आकडा बंद. पानं मोजा, ताटल्या आणि खुर्च्या मोजा. टेबलाशी एका माणसाला ६० सेंटिमीटर रुंदी लागते, म्हणजे १८० सेंटिमीटरच्या लांब बाजूला तिघं नीट बसतात. चौथा बसवला तर कोपर लागतं.

गुरुवार रात्री: ताजं सामान. फ्रीजरमधलं जे वापरायचं ते खाली फ्रीजमध्ये. लिटरभराची सपाट पिशवी एका रात्रीत सुटते, पण दोन किलोचा गोळा पूर्ण दिवस घेतो. ओट्यावर ठेवून वितळवू नका, बाहेरचा थर तासन् तास कोमट राहतो आणि आत बर्फ तसाच.

शुक्रवार ७.४५ ते ९.३०: मुख्य पदार्थ. आधी कांदा आचेवर, तो परतत असताना बाकीचं चिरणं. पदार्थ मंद आचेवर गेला की फ्रीजमध्ये जागा करा. ही जागा करायची राहते आणि मग रात्री अकराला गरम पातेलं हातात घेऊन माणूस उभा राहतो. कडधान्यं भिजवायची असतील तर ती सकाळीच भिजवलेली हवीत.

शनिवार ५.००: आदल्या दिवसाची भांडी आवरून सिंक रिकामं. स्वयंपाक सुरू करण्याआधीचं हे सगळ्यात मोलाचं काम आहे.
५.३०: आचेवर ठेवून विसरायचा पदार्थ सुरू.
६.१५: पातेलं फ्रीजमधून आचेवर, मंद.
६.३०: भात धुऊन भिजत. वेळ चुकली तरी नंतर चालेल असं काम आता नको.
६.४५: भात आचेवर. झाल्यावर झाकण न उघडता १० ते १५ मिनिटं मुरू द्या.
७.००: कापाकापी. मीठ आणि आंबट वाढायच्या क्षणी, आधी घातलं की पाणी सुटतं.
७.२०: पाणी, वाढायचे चमचे, प्रत्येक भांड्याला वेगळा डाव.
७.३०: बसा.

कामाच्या दिवशीच जेवायचं असेल तर हेच वेळापत्रक दोन रात्रींत पसरवा आणि ऐन दिवशी फक्त गरम करणं व भात ठेवा. त्या दिवशी साठ मिनिटांहून जास्त काम उरत असेल तर पदार्थ बदला, वेळ नको.

आदल्या दिवशीचं अन्न: थंड करणं आणि तापवणं

आदल्या दिवशी शिजवण्याचा सगळा फायदा एका चुकीने जातो: मोठं पातेलं तसंच ओट्यावर रात्रभर. ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि खोल पातेल्याचा मधला भाग त्या पट्ट्यात कितीतरी तास राहतो. शिजलेलं अन्न दोन तासांत २१ अंशांखाली आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत यायला हवं. त्यासाठी ते पसरट भांड्यांत ५ सेंटिमीटरपेक्षा कमी थरात ओता, किंवा पातेलं गार पाण्याच्या टबात ठेवून ढवळत राहा आणि पाणी दोनदा बदला. वाफ गेली की फ्रीजमध्ये. पूर्ण गार होण्याची वाट बघू नका.

भात आदल्या दिवशी करूच नये असं आमचं मत. त्यात असलेल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला तर ते वाढून विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करून जात नाही. करायचाच असेल तर तासाभरात थंड करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी संपवा.

तापवताना मधोमध ७५ अंश गाठले पाहिजेत. थर्मामीटर नसेल तर रस्सा सगळीकडून उकळताना दिसला पाहिजे, फक्त कडेने नव्हे. एकदा तापवलेलं पुन्हा थंड करून पुन्हा तापवू नये, म्हणून लागेल तेवढंच आचेवर घ्या.

फ्रीजरमध्ये (उणे १८ अंश) रस्से आणि कडधान्यं तीन महिने चांगली राहतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा डब्यात दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. पिशवीवर नाव, तारीख आणि किती जणांचं ते लिहा. बटाट्याच्या फोडी असलेला रस्सा गोठवू नये, त्या भुसभुशीत होतात. बटाटा नंतर घालता येतो.

बसल्यावर

उशीर होणाऱ्यासाठी पंधरा मिनिटं थांबा, मग वाढा. त्याचं अन्न सुरुवातीलाच वेगळं काढून झाकून ठेवा. तळातलं उरलेलं त्याच्या वाट्याला येता कामा नये. घरात मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा जेवणाशी बांधलेली गोळी घेणारं कोणी असेल तर वाट बघणं हा सभ्यतेचा प्रश्न राहत नाही. औषध घेऊन जेवण लांबलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्यांनी औषध घ्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, आणि त्यांचं ताट ठरलेल्या वेळेला आलंच पाहिजे.

कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोण काय खात नाही, याची एक यादी वर्षातून दोनदा ताजी करा. ॲलर्जीचा पदार्थ टाळला तरी डाव सामाईक राहिला की उपयोग नाही. त्यांचं ताट सगळ्यात आधी, स्वच्छ चमच्याने वाढावं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे-सुका मेवा देऊ नका, द्राक्षं उभी चार तुकड्यांत कापा. वर्षाखालच्या बाळाला मध नको.

दूर राहणाऱ्याला व्हिडिओवर घ्यायचं असेल तर जेवणाच्या मध्ये नको. हात खरकटे, आवाज चिरफाळलेला, कोणी नीट बोलत नाही. बसण्याआधीची दहा मिनिटं किंवा गोड वाढतानाची पंधरा मिनिटं ठरवा. वेगळ्या देशात असेल तर घड्याळ पुढे-मागे करण्याचे महिने लक्षात ठेवा. त्या दोन वेळांना ठरलेली वेळ एक तासाने चुकते.

मागचं आवरणं आणि हिशेब

आवरायला स्वयंपाक न केलेली दोन माणसं, पंचवीस मिनिटांचा गजर लावून. उरलेलं अन्न वाढल्यापासून दोन तासांच्या आत डब्यांत आणि फ्रीजमध्ये, तिथून तीन-चार दिवसांत संपवायचं, भात मात्र दुसऱ्याच दिवशी. रिकामे डबे येणाऱ्यांनीच आणावेत, नाहीतर यजमानाचे डबे घरोघर फिरत राहतात.

खर्चासाठी प्रत्येक मोठ्या माणसामागे दरमहा ठरावीक रक्कम, एकाच जागी जमा, हे सगळ्यात कमी कटकटीचं. पावत्या जोडून दर वेळी भागाकार करायला लागलात की तिसऱ्या महिन्यात कोणीतरी भाजीच्या बिलावरून रुसतं. रक्कम सहा महिन्यांनी एकदा तपासा.

त्याच रात्री झोपण्याआधी चार ओळी लिहून ठेवा: किती जण जेवले, कोणता पदार्थ किती केला, किती उरला, कुठे घाई झाली. "तांदूळ ७०० ग्रॅम, ९ मोठे २ लहान, दोन वाट्या उरला." एवढं पुरतं. तीन-चार महिन्यांत वरचे आकडे बाजूला ठेवून तुमच्या घराचे आकडे हाताशी येतात.

सलग दोन जेवणं बुडाली तर तिसऱ्याची जंगी तयारी करून भरपाई करायला जाऊ नका. उलट, तिसरं सगळ्यात साध्या पातळीवर करा, आणि जेवताना दोनच प्रश्न विचारा: तारखेचा नियम अजून जमतो का, आणि काम कोणाकडे साचलंय. नोकरी बदललेली असते, पाळी बदललेली असते, कोणाच्या मुलाचा क्लास नेमका त्या संध्याकाळी सुरू झालेला असतो. नियम बदला, कॅलेंडरमधली जुनी नोंद पुसा आणि नवी तिथल्या तिथे टाका.